वयात येण्याचं घड्याळ मागे पडतं तेव्हा



शाळेत प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात. आठवी-नववीच्या वर्गात ही रांग सारखी बदलत असते. जूनमध्ये तिसऱ्या जागेवर असलेला मुलगा दिवाळीनंतर सातवा होतो आणि मार्चपर्यंत पार मागे जाऊन उभा राहतो. एखादा मात्र पहिलाच राहतो. सहावीत पहिला, आठवीत पहिला आणि दहावीतही पहिलाच. बरोबरीच्या मुलांचे आवाज फुटलेले असतात, ओठांवर मिसरूड आलेली असते आणि फोनवर याला मात्र लोक अजून "ताई, बाबांना द्या" म्हणत असतात. तिकडे मुलींच्या घोळक्यात एखादी मुलगी अशीच गप्प असते. मैत्रिणी दर महिन्याच्या ज्या त्रासाबद्दल कुजबुजतात, त्यात तिला सांगण्यासारखं काही नसतं.

मुली हल्ली लवकर वयात येतात, याबद्दल पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. जी मुलं मागे राहतात त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मुलांची वाढ हा माझा रोजच्या कामाचा विषय आहे. न्हाण येणं, पदर येणं, मिसरूड फुटणं, आवाज फुटणं असे किती तरी शब्द आपल्या भाषेत आहेत. पण हे घडलंच नाही तर ते सांगायला शब्द नाही. "हिचं अजून काहीच नाही हो, डॉक्टर," एवढंच आई दबक्या आवाजात म्हणते. मुलाच्या बाबतीत तर तेवढंही कोणी बोलत नाही. "होईल आपोआप" म्हणून दोन-तीन वर्षं जातात.

बहुतेक वेळा खरोखरच आपोआप होतं. पण काही वेळा या उशिराच्या आड दुसरंच काही तरी दडलेलं असतं. उशीर कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याशिवाय "होईल" म्हणणंही बरं नाही आणि घाबरून जाणंही बरं नाही. ते ओळखायचं कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

उशीर कधी म्हणायचा?

आधी एक गैरसमज दूर करू या. मुलगी वयात येऊ लागल्याची पहिली खूण पाळी ही नाही. पहिली खूण छातीची वाढ. ती आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होते आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलांमध्येही मिसरूड आणि आवाज ही उशिराची लक्षणं आहेत. त्यांची पहिली खूण म्हणजे वृषणांचा, म्हणजे अंडगोळ्यांचा आकार वाढणं. ते नऊ ते चौदा या वयात सुरू होतं. ते आईवडिलांना दिसत नाही आणि मुलाच्याही लक्षात येत नाही. काखेत, जांघेत केस आले म्हणजे सुरुवात झालीच असंही धरता येत नाही, कारण हे केस मूत्रपिंडावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या स्रावामुळेही येतात.

तेव्हा हिशेब असा. मुलीला तेरा वर्षं पूर्ण झाली आणि छातीची वाढ सुरू नाही, किंवा मुलाला चौदा पूर्ण झाली आणि वृषण वाढू लागले नाहीत, तर त्याला उशीर म्हणायचं. मुलीला पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा छाती वाढू लागल्यावर तीन वर्षांत आली नाही, तरी दाखवून घ्यायचं. सगळं सुरू होऊन मध्येच थांबलं तरीही दाखवायचं. शंभर मुलांमधली साधारण दोन मुलं या रेषेच्या पलीकडे राहतात. म्हणजे मोठ्या शाळेच्या प्रत्येक इयत्तेत असं एखादं तरी मूल सापडेल.

मेंदूतला निरोप

वयात येण्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथून ठरावीक अंतराने एक संप्रेरक थेंबाथेंबाने सुटतं. ते लगतच्या पिट्यूटरी ग्रंथीला जागं करतं. पिट्यूटरी आपले दोन निरोप रक्तातून खाली पाठवते. ते मुलीच्या बीजांडकोशांना आणि मुलाच्या वृषणांना मिळाले की ते अवयव आपापली संप्रेरकं तयार करू लागतात. सुरुवातीला हा सगळा व्यवहार रात्री, मूल झोपेत असताना चालतो. गंमत म्हणजे ही यंत्रणा जन्मानंतर पहिले काही महिने चालू असते. मग ती झोपी जाते आणि कित्येक वर्षांनी पुन्हा जागी होते.

हायपोथॅलॅमसमधल्या त्या संप्रेरकाची रचना १९७१ साली उलगडली आणि त्या कामासाठी शॅली आणि गियमँ या शास्त्रज्ञांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्यालाही जागं कोण करतं? २००३ साली 'किसपेप्टिन' या रेणूचं काम लक्षात आलं. याचा निरोप घेणारा जनुक बिघडला तर मूल वयातच येत नाही, असं दिसलं. नावाची कथा मजेशीर आहे. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी याचा जनुक सापडला, म्हणून तिथल्या 'किस' नावाच्या चॉकलेटवरून त्याचं बारसं झालं.

मेंदू हा निरोप पाठवण्याआधी एक गोष्ट तपासून बघतो, ती म्हणजे शरीरातली शिल्लक. घरात दाणागोटा असल्याशिवाय आपण कार्य काढत नाही. शरीरही तसंच वागतं. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं आणि ते मेंदूला सांगतं, साठा पुरेसा आहे. तो नसेल तर मेंदू कार्य पुढे ढकलतो.

यावरून उशिराची कारणं कुठे कुठे शोधायची ते कळेल. घड्याळच मुळात उशिराचं लावलेलं असेल. साठा अपुरा असेल. मेंदूतून निरोप निघत नसेल. किंवा निरोप पोचूनही खालच्या ग्रंथी काम करत नसतील.

घराण्याचं घड्याळ

पहिलं कारण सगळ्यांत जास्त आढळणारं आणि सगळ्यांत निरुपद्रवी. अमेरिकेत बॉस्टनमध्ये अशा २३२ मुलामुलींची पाहणी झाली आणि ती २००२ साली प्रसिद्ध झाली. उशीर झालेल्या मुलग्यांपैकी सुमारे ६३ टक्के आणि मुलींपैकी सुमारे ३० टक्के नुसतेच उशिराच्या घड्याळाचे निघाले. म्हणजे मुलग्यांमध्ये हे कारण बरंच जास्त आढळतं. मुलीला उशीर झाला तर दुसरं कारण शोधायची घाई थोडी जास्त हवी.

ही मुलं ओळखायला सोपी असतात. दोन-तीन वर्षांची असल्यापासून ती बरोबरीच्यांपेक्षा लहानखुरी असतात. भूक चांगली, अभ्यास चांगला, खेळ चांगला. आणि घरात विचारलं की कोणी तरी आठवण काढतं. माझ्याकडे साडेचौदा वर्षांचा एक मुलगा आला होता. वडील सहा फुटांच्या आसपास. त्यांना विचारलं, तुम्ही कधी वाढलात? ते हसले आणि म्हणाले, "दहावीच्या ग्रुप फोटोत मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलोय. नंतर कॉलेजात गेलो तेव्हा पँटी पुरेनात." मुलगा वडिलांकडे बघतच राहिला. ही गोष्ट त्याला घरात कोणी सांगितलीच नव्हती. म्हणून मी नेहमी विचारतो, आईला पाळी कधी आली? मामा, काका, आत्या कधी उंचावले? अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या घरात आणखी कोणी तरी उशिरा वाढलेलं सापडतं.

खात्रीसाठी डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढतात. मनगटातली आणि बोटांतली हाडं वयाप्रमाणे ठरावीक क्रमाने पक्की होत जातात, त्यावरून 'हाडांचं वय' कळतं. पंधरा वर्षांच्या मुलाची हाडं साडेबारा वर्षांची दिसली, तर शरीर अजून साडेबाराचंच आहे असं समजायचं. वाढायला त्याच्याजवळ वेळ शिल्लक आहे. तो मागून सुरू करतो आणि मागून थांबतो. मात्र हाडांचं वय इतर आजारांतही मागे राहतं, म्हणून नुसत्या एक्स-रेवर निकाल देता येत नाही.

साठाच नसतो तेव्हा

दुसरं कारण आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. मूल पुरेसं जेवत नाही, जेवलेलं अंगी लागत नाही किंवा अंगी लागलेलं एखादा जुना आजार खाऊन टाकतो.

लोकांच्या लोकांनाही याचा फटका बसतो, याची एक नोंद इतिहासात आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात योहान सेबास्टियन बाख हा थोर संगीतकार मुलांच्या गायनवृंदाचा प्रमुख होता. १७२७ ते १७४९ या काळातल्या नोंदींवरून कोणता मुलगा कोणत्या वयात उंच पट्टीत गाईनासा झाला याचा अंदाज येतो. त्यावरचा अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. त्या काळी मुलांचे आवाज सोळा-सतराव्या वर्षी फुटत आणि युद्धाच्या ओढगस्तीच्या काळात ते आणखी उशिरा फुटू लागले होते.

दुसरी गोष्ट आपल्या एका डॉक्टरांची. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९६० च्या सुमारास इराणमधल्या शिराझ शहरात काम करत होते. त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलासारखा होता. त्याचा आहार म्हणजे जवळजवळ नुसती गव्हाची रोटी, आणि शिवाय तो माती खात असे. प्रसादांना शंका आली की याच्या शरीरात जस्त कमी पडतंय, कारण धान्याच्या कोंड्यातला फायटेट नावाचा घटक जस्ताला बांधून ठेवतो. पुढे इजिप्तमध्ये अशाच रुग्णांची तपासणी करून १९६३ साली त्यांनी जस्ताची कमतरता दाखवून दिली. जस्त दिल्यावर ही मुलं उंचही झाली आणि वयातही आली. हे ऐकून कोणी लगेच दुकानात जाऊन जस्ताच्या गोळ्या आणू नयेत. आपल्या आजीला फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण ती कडधान्यांना मोड आणत होती, पीठ आंबवत होती. त्यामुळे हा घटक कमी होतो. ताटात डाळ, दूध, दाणे, चालत असेल त्यांच्याकडे अंडं-मासळी, एवढं असलं की बहुतेक मुलांना पुरतं.

आता आजार. एका मुलीला चौदाव्या वर्षी माझ्याकडे आणलं. अशक्त, फिकट, वर्षभर लोहाचं टॉनिक चालू आणि रक्त काही वाढत नाही. पोट कधी बिघडायचं, कधी ठीक. वयात येण्याची एकही खूण नाही. रक्ताच्या तपासणीतून आणि मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासून निदान झालं, सिलिअ‍ॅक आजार. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे तिच्या आतड्याचं अस्तर झडत होतं. जेवण पोटात जात होतं, पण अंगी लागत नव्हतं. गहू, जव आणि त्यांचे पदार्थ कायमचे बंद केले. ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदूळ, नाचणी हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच. सहा महिन्यांत वजन वाढलं आणि वर्षाच्या आत ती वयात येऊ लागली. संप्रेरकाचं एकही औषध तिला द्यावं लागलं नाही.

असे आणखी आजार आहेत. मूत्रपिंडाचा जुना विकार, आटोक्यात नसलेला दमा किंवा मधुमेह, क्षयरोग, जन्मजात हृदयरोग, आतड्यांची जुनी सूज. थायरॉईड कमी पडत असेल तर उंची थांबते, मूल मंद होतं, वजन मात्र वाढतं. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलची मुलं उशिरा वयात येतात. थॅलेसेमिया आपल्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत अधिक दिसतो. या मुलांना सतत रक्त द्यावं लागतं. त्या रक्तातलं लोह साचत साचत पिट्यूटरी ग्रंथीत जाऊन बसतं आणि तिचं काम बिघडवतं. लोह काढून टाकणारं औषध नियमित घेणं का गरजेचं, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणि एक नवं कारण. लांब पल्ल्याचं धावणं, जिम्नॅस्टिक्स, नृत्य यांचा कठोर सराव करणाऱ्या मुली, किंवा बारीक राहण्यासाठी जेवण तोडणाऱ्या मुली. खर्च जास्त आणि जमा कमी, म्हणून मेंदू कार्य पुढे ढकलतो. यात खेळाचा दोष नाही. ताट सरावाच्या मापाचं हवं, एवढं प्रशिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावं.

निरोप निघत नाही

तिसरा प्रकार क्वचित आढळणारा, पण चुकवू नये असा. सतरा वर्षांचा एक मुलगा आला होता. उंची बरी होती, पण वयात येण्याची खूण काहीच नव्हती. मी त्याला विचारलं, "अरे, स्वयंपाकघरात फोडणी जळली तर तुला बाहेर कळतं का?" आई मध्येच म्हणाली, "नाही हो, याला कधीच काही वास येत नाही. दूध उतू जाऊन जळलं तरी हा तिथेच बसलेला असतो." घरात तो चेष्टेचा विषय होता. डॉक्टरच्या दृष्टीने निदान त्या एका वाक्यात होतं.

नाकाचा आणि वयात येण्याचा काय संबंध? आईच्या पोटात गर्भ वाढत असताना वयात आणणाऱ्या संप्रेरकाच्या पेशी मेंदूत तयार होत नाहीत, त्या नाकाच्या भागात तयार होतात. तिथून वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने चालत त्या मेंदूत जातात. ही वाटच नीट तयार झाली नाही तर वासही येत नाही आणि निरोपही निघत नाही. याला कॅलमन सिंड्रोम म्हणतात. १९४४ साली कॅलमन यांनी त्याचं वर्णन केलं. हा मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त दिसतो. काही मुलांत जन्मतः लिंग लहान असतं किंवा वृषण खाली उतरलेले नसतात. वाट बघून हा आजार बरा होत नाही, पण उपचाराने मूल पूर्णपणे वयात येतं आणि पुढे वेगळ्या इंजेक्शनांनी अनेकांना पितृत्वही लाभतं.

याच गटात पिट्यूटरीजवळची गाठ येते. उशिराबरोबर वारंवार डोकं दुखणं, सकाळी उलटी, बाजूचं न दिसणं, सारखी तहान आणि रात्रीबेरात्री लघवी, किंवा स्तनातून दूध येणं यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. मेंदूला पूर्वी क्ष-किरणांचे उपचार झालेली किंवा मेंदूच्या आवरणाच्या क्षयातून वाचलेली मुलंही नियमित तपासली पाहिजेत.

निरोप पोचतो, पण काम होत नाही

चौथ्या प्रकारात मेंदू हाका मारतो आणि खालून ओ येत नाही. मुलींमध्ये याचं महत्त्वाचं कारण टर्नर सिंड्रोम. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. या मुलींमध्ये त्यांतलं एक नसतं किंवा अपुरं असतं. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एक, म्हणजे फार दुर्मीळ नाही. बीजांडकोश बहुतेक लहानपणीच निकामी होतात. पण पहिली तक्रार असते ती उंचीची. काहींची मान रुंद, कोपरं बाहेर वळलेली असतात, काहींना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा दोष असतो. पुष्कळ मुलींमध्ये नुसतं ठेंगणेपण दिसतं.

अशी एक मुलगी माझ्याकडे एकोणिसाव्या वर्षी आली. पदवीला होती, हुशार होती. उंची साडेचार फूट. पाळी आलेली नव्हती. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण स्थळं बघायला सुरुवात होईपर्यंत कोणी विषय काढला नव्हता. एका नातेवाइकांनी तर "लग्न झालं की सगळं सुरळीत होतं" असाही सल्ला दिला होता. लग्नाने यातलं काहीच सुरळीत होत नाही. गुणसूत्रांची तपासणी केली आणि निदान झालं. संप्रेरकं सुरू केली, ती वयात आली, हाडांची झीज थांबवता आली. पण आठव्या-नवव्या वर्षी आली असती तर उंची वाढवणारी इंजेक्शनं देऊन काही सेंटिमीटर हाती लागले असते. ती वर्षं परत आणता आली नाहीत. ठेंगण्या राहणाऱ्या प्रत्येक मुलीची गुणसूत्रं तपासा असं आम्ही सांगतो ते यासाठी.

मुलांमध्ये क्लाइनफेल्टर सिंड्रोम दिसतो. यात एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. ही मुलं बहुधा वेळेवर वयात येऊ लागतात, उंचही असतात, पण वृषण लहानच राहतात आणि वाढ पूर्ण होत नाही. कर्करोगाच्या औषधांमुळे किंवा किरणांमुळेही बीजांडकोश आणि वृषण दुबळे होतात.

एक वेगळी गोष्ट मुलींच्या आयांसाठी. छातीची वाढ व्यवस्थित आहे, वय चौदा-पंधरा, पाळी नाही आणि दर महिन्याला चार दिवस पोट दुखतं. अशा वेळी पाळी येत असते, पण योनिमार्गाचा पडदा बंद असल्यामुळे रक्त बाहेर पडत नाही, असं असू शकतं. छोट्या शस्त्रक्रियेने हे बरं होतं. पोटदुखी नसेल तर गर्भाशयाची जन्मजात वाढ झालेली नसण्याचीही शक्यता असते. सोनोग्राफीत ते कळतं.

तपासायचं कसं?

पहिली तपासणी घरातच होते आणि तिला पैसे लागत नाहीत. दर वाढदिवसाला मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर आडवी पट्टी धरून खूण करा, तारीख लिहा. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढतं. चारपेक्षा कमी भरलं तर डॉक्टरांना दाखवा. घराण्याच्या घड्याळाची मुलं लहानखुरी असली तरी बहुधा आपल्या रेषेला धरून वाढत राहतात. आजारी मुलाची रेषा हळूहळू खाली घसरते. दोन्ही मुलं रांगेत पहिलीच उभी असतील, फरक मागच्या पाच वर्षांच्या नोंदीत दिसतो. आपल्या मुलांच्या उंची-वजनाचे तक्ते आपलेच आहेत. पुण्यातले डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी सुधारित तक्ते काढले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकंही शाळांत येतात. ती आली की मुलाची उंची काय लिहिली ते विचारून घ्या.

डॉक्टरकडे गेल्यावर मुलाची तपासणी एकांतात, आई किंवा वडील जवळ असताना आणि त्याला विचारून होते. वृषणांचं माप घ्यायला आमच्याकडे मण्यांची एक माळ असते. झुरिकच्या प्राडर या डॉक्टरांनी १९६६ साली ती प्रचारात आणली. लहानापासून मोठ्यापर्यंत बारा मणी, प्रत्येकावर मिलिलिटरचा आकडा. चार मिलिलिटरचा मणी जुळला की समजायचं, सुरुवात झाली. कित्येकदा मुलगा रडवेला होऊन आलेला असतो आणि हा मणी जुळतो. मग मी त्याला सांगतो, "गाडी सुटलेली आहे, फक्त स्टेशनबाहेर पडायची आहे." त्यानंतर रक्ताच्या साध्या तपासण्या, थायरॉईड, पिट्यूटरीची संप्रेरकं, गरज असेल तर गुणसूत्रं आणि एमआरआय. पिट्यूटरीचे निरोप जास्त आढळले तर दोष खालच्या ग्रंथीत, कमी आढळले तर एकतर घड्याळ उशिराचं, नाही तर वरचा बिघाड. या दोन्हींतला फरक पहिल्याच भेटीत नेहमी सांगता येतो असं नाही. काही वेळा सहा महिने, वर्षभर लक्ष ठेवूनच तो कळतो.

उपचार कारणावर असतो. आजार असेल तर आजार बरा करायचा. उशिराचं घड्याळ असेल तर धीर धरायचा. मूल फारच खचलेलं असेल तर मुलाला टेस्टोस्टेरॉनची, मुलीला इस्ट्रोजेनची अगदी लहान मात्रा तीन ते सहा महिने देतात. तिने शरीराला हलकासा धक्का मिळतो. योग्य मात्रेत दिलं तर त्याने अखेरची उंची कमी होत नाही. कायमचा दोष असेल तर संप्रेरकं अनेक वर्षं घ्यावी लागतात, कारण ती केवळ दिसण्यासाठी नसतात, हाडं भक्कम राहण्यासाठीही लागतात. मात्र व्यायामशाळेत मिळणारी पावडर आणि इंजेक्शनं, जाहिरातीतली उंची वाढवण्याची चूर्णं यांच्यापासून लांब राहा. चुकीच्या मात्रेतल्या संप्रेरकांनी हाडांची टोकं वेळेआधी जुळून येतात आणि वाढायची उंचीही कायमची थांबते.

घरात काय बोलावं?

शेवटचं आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं. उशीर झालेलं मूल गप्प होतं. सहलीला जायचं टाळतं, पोहणं सोडतं, वसतिगृहात सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकतं. मित्र चिडवतात, आणि लग्नकार्यात जमलेली मोठी माणसंही "हा अजून एवढाच?" म्हणून डोक्यावर हात ठेवतात. हे त्याला महिनोन्‌महिने पुरतं. घरात लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वागवतात. पंधरा वर्षांच्या मुलाला अकरा वर्षांच्या मुलासारखं बोललं जातं, निर्णयात घेतलं जात नाही. तो दिसतो लहान, पण त्याचं मन त्याच्या वयाचं असतं. त्याला त्याच्या वयाप्रमाणे वागवा.

वडिलांनी स्वतः उशिरा वाढल्याची गोष्ट मुलाला सांगावी. आईने मुलीला पाळीबद्दल आधीच सांगावं आणि "तुझी अजून का नाही" असं चारचौघांत विचारू नये. शाळेतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, चिडवाचिडवीकडे पोरखेळ म्हणून बघू नका. आणि तेराची मुलगी, चौदाचा मुलगा ही दोन वयं लक्षात ठेवा. त्या वयापर्यंत खूण नसेल तर एकदा डॉक्टरकडे या. बहुतेकांना मी "वाट बघा" असंच सांगेन. पण तपासून घेतल्यावर वाट बघणं मुलालाही सोपं जातं आणि तुम्हालाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)